बाई बसल्या नाहीत

गठ्ठ्याची सुतळी कापली आणि वरचाच पेपर उघडला. पहिल्या पानावर खाली, डाव्या बाजूला चौकट होती. 'सौंसरमधून मनोरमाबाई घागरे यांची माघार, भाऊसाहेबांना पाठिंबा'. मथळ्याखाली बारीक अक्षरात 'आमच्या वार्ताहराकडून'.

सौंसरचा वार्ताहर मी होतो. ही बातमी मी पाठवली नव्हती. आणि मतदान दुसऱ्या दिवशी होतं.

मी बस स्टँडवर उभा होतो. नागपूरची पहिली बस मला गठ्ठे देऊन छिंदवाड्याकडे निघून गेली होती. सौंसरच्या आधी लोधीखेडा आणि बोरगावचे गठ्ठे उतरतात. म्हणजे तिकडे लोक चहासोबत ही बातमी वाचत होते, आणि मी इथे चौकट पुन्हा पुन्हा वाचत होतो. भाषाही माझ्यासारखीच होती. मी 'विश्वसनीय सूत्रांकडून समजते' असं लिहायचो. इथेही तेच होतं.

आमच्या कामाबद्दल थोडं सांगतो. लहान गावात त्या काळी पेपरचा एजंट आणि वार्ताहर एकच माणूस असायचा. सकाळी पेपर वाटायचे, दिवसा बातम्या गोळा करायच्या, संध्याकाळी पाठवायच्या. साधी बातमी लिफाफ्यात घालून बसच्या कंडक्टरजवळ द्यायची. घाईची असली तर ट्रंक कॉल बुक करायचा. तो जोडून देणारा ऑपरेटर सौंसरच्या एक्सचेंजमध्ये बसायचा. लाइन लागली की फोनवर ओरडून बातमी सांगायची, तिकडे उपसंपादक लिहून घ्यायचा. आमच्या मराठी मुलखाला मध्य प्रदेशातल्या हिंदी पेपरात फारशी जागा नसे. त्यामुळे घरोघरी नागपूरचा पेपर यायचा. 'पेपरात आलं' म्हटलं की वाद संपायचा. या गोष्टीचा मला तोपर्यंत अभिमान होता.

मनोरमाबाई घागरे म्हणजे आमच्या नर्सबाई. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. तालुक्यातल्या निम्म्या घरांत त्यांच्या हातचं एकतरी लेकरू होतं. दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद पडला होता. डॉक्टर नाही, दुसरी नर्स नाही. बाया बैलगाडीत घालून दूर न्याव्या लागत. बाईंनी अर्ज केले, भोपाळला जाऊन आल्या, काही झालं नाही. मग विधानसभेला अपक्ष उभ्या राहिल्या. चिन्ह मिळालं शिडी. सुरुवातीला लोक हसले. शेवटच्या आठवड्यात हसणं थांबलं होतं. गावोगाव बाया सभेला येऊन राहिल्या होत्या आणि भाऊसाहेबांच्या ऑफिसात चिंता दिसत होती. भाऊसाहेब मोठ्या पक्षाचे, संत्र्याच्या बागा, दोन जीपा, दिवसभर वाजणारा लाउडस्पीकर.

मी गठ्ठे दुकानात आणले. शटर अर्धं वर केलं, तेवढ्यात मधुकर आला, हातात बोरगावहून त्याच बसने कोणी आणलेला पेपर. मधुकर हा बाईंचा भाचा. शाळेत मास्तर होता. सुट्टी घेऊन तो बाईंचा प्रचार पाहायचा.

"शरदभाऊ, हे काय केलं तुम्ही?"

"मी नाही केलं."

"नाव तुमचं आहे न!"

"नाव नाही, 'आमच्या वार्ताहराकडून' आहे."

"मग दुसरा कोण वार्ताहर आहे इथं?"

त्याच्या बोलण्यात चूक नव्हती. त्याने काडेपेटी काढली. "हे गठ्ठे जाळून टाका. आत्ता. माझ्यासमोर."

मी विचार केला होता. जाळायला हरकत नव्हती. पण बोरगावचे, लोधीखेड्याचे पेपर जळणार नव्हते. आणि सौंसरात पेपर आला नाही म्हटल्यावर लोक म्हणतील, बातमी खरी आहे म्हणूनच बाईंच्या माणसांनी पेपर जाळले. मधुकरला हे समजावत होतो तोच भाऊसाहेबांच्या ऑफिसातला एक कार्यकर्ता हसत आला.

"आज जास्तीच्या कॉप्या पाह्यजेत जी, भाऊ."

"जास्तीच्या नसतात. जितकी गिऱ्हाइकं तितकेच येतात."

"मग उरतील त्या सगळ्या आमच्या."

मधुकर त्याच्या अंगावर धावला. मी मध्ये पडलो. कार्यकर्ता जाताना म्हणाला, "पेपरवर काहून राग काढता? बाई बसल्या, पेपरने छापलं."

बसल्या म्हणजे माघार घेतली. निवडणुकीत माणूस उभा राहतो, आणि माघार घेतली की बसतो. कायद्यात नाव मागे घ्यायची एक तारीख असते. ती गेली की कोणालाही बसता येत नाही, मतपत्रिकेवर नाव राहतंच. पण शेवटच्या दिवसांत कोणी कोणाला पाठिंबा दिला तर लोक त्यालाच बसणं म्हणतात. हे अर्ध्या लोकांना माहीत होतं, आणि जाहीर सभेशिवाय ते नाकारता येत नाही हे भाऊसाहेबांच्या माणसांना पूर्ण माहीत होतं. प्रचार आदल्या संध्याकाळीच संपला होता. सभा बंद, भोंगे बंद, पत्रकं बंद.

मी नागपूरला सगळ्यांत तातडीचा कॉल बुक केला. डेस्कवर जोशी होते. आदल्या रात्री तेच ड्यूटीवर होते आणि अजून घरी गेले नव्हते.

"जोशीसाहेब, ती घागरेबाईंची बातमी कोणी दिली?"

"कोणी म्हणजे? तुम्हीच दिली न."

"मी काल फोनच नाही केला."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "तुमचाच फोन होता. म्हणाले, सौंसरची लाइन खराब आहे, पांढुर्ण्याहून बोलून राहिलो. आवाज खरखरत होता. डाक सुटायला आली होती. मी घेतली."

'डाक' म्हणजे डाक आवृत्ती. पेपर रात्रभरात एकदाच छापत नाहीत. बाहेरगावी जाणाऱ्या प्रती आधी छापून गाडीवर चढवायच्या असतात, ती डाक. शहरासाठी नंतर छापतात, ती सिटी. डाक सुटताना डेस्कवर श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि फोन करणाऱ्याला ती वेळ ठाऊक होती. सौंसरच्या एक्सचेंजमधला ऑपरेटर माझा आवाज ओळखायचा. म्हणून तो माणूस पांढुर्ण्याला गेला. काम डोकं लावून केलं होतं.

मी म्हणालो, "बातमी खोटी आहे. काहीतरी करा."

"सिटीत नाहीच आहे ती. संपादकांना शंका आली, त्यांनी काढली."

"सौंसरला सिटी येत नाही!"

"ते खरं आहे."

"मग?"

"उद्याच्या अंकात खुलासा घेतो."

"उद्या लोक मत देऊन राहिले असतील, जोशीसाहेब."

ते म्हणाले, "आज काही छापलं जात नाही, शरदराव. आज मशीन बंद आहे." आवाज खरोखर पडला होता. मी आकाशवाणीबद्दल विचारलं. त्यांनी तिथे ओळखीच्या माणसाला विचारून मला उलटा निरोप दिला. मतदानाच्या आदल्या दिवशी एका उमेदवाराचं नाव रेडिओवर घेता येणार नाही.

तहसील ऑफिसात तिवारी साहेब होते. निवडणुकीचं काम त्यांच्याकडे होतं. माणूस सरळ, रीवा भागातला. मराठी समजायची, बोलायचे हिंदी. मी पेपर त्यांच्या टेबलावर ठेवला. मधुकर माझ्यासोबत होता.

त्यांनी वाचलं. "ये आपने नहीं भेजा?"

"नाही साहेब. लिहून देतो."

"लिखकर दीजिए." मी तिथेच लिहून दिलं.

मधुकर म्हणाला, "साहेब, सरकारी दवंडी फिरवा. बाई बसल्या नाहीत म्हणून सांगा."

तिवारी साहेबांनी मान हलवली. "एक कैंडिडेट का नाम सरकारी भोंपू से? कल वो लोग मेरे खिलाफ शिकायत करेंगे, और सही करेंगे।"

मधुकर चिडला. मला मात्र त्यांचं म्हणणं पटलं, आणि पटलं याचाच राग आला. शेवटी ते म्हणाले, नाव न घेता दवंडी देऊ. नाव मागे घ्यायची मुदत संपली आहे, मतपत्रिकेवरचे सगळे उमेदवार मैदानात आहेत, एवढंच. जास्त काही ते करू शकत नव्हते. निघताना मी विचारलं, "आणि उमेदवार स्वतः बाजारात गेला तर?"

"भाषण नहीं, नारा नहीं, भीड़ लेकर जुलूस नहीं। बाजार जाना मना नहीं है।"

आम्ही बाईंकडे गेलो. अंगणात त्या उभ्या होत्या. पेपर त्यांच्या हातात होता. बोरगावहून आलेल्या कोणाकडून घेऊन शेजारणीने आणून दिला होता. भोवती बाया रडायच्या बेतात.

बाईंनी मला विचारलं, "शरद, बातमी तू दिली का?"

"नाही जी, बाई."

"बरं. मग त्यावर बोलणं संपलं. आता काय करता येते ते सांग."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. मी रस्ताभर उत्तरं तयार करत आलो होतो, त्यातलं एकही लागलं नाही. मी तिवारी साहेबांचं सांगितलं. सभा नाही, माइक नाही, पत्रक नाही. पण बाजाराला जायला मनाई नाही. तो सौंसरच्या आठवडी बाजाराचा दिवस होता. चहूकडच्या गावांतून माणसं येणार होती.

मधुकर म्हणाला, "बाजारात जाऊन काय सांगशील, मावशी? तोंड उघडलं की तक्रार."

"तोंड काहून उघडू? लोकांनी मले पाहिलं म्हणजे झालं. बसलेली बाई बाजारात उभी राहते का?"

त्या आत गेल्या आणि पांढरं लुगडं नेसून आल्या. दवाखान्यात जायच्या तसं. गळ्यात माळ नाही, शिडीचा बिल्ला नाही. मधुकरने छत्री घेतली, ती त्यांनी परत ठेवायला लावली. छत्रीखाली चेहरा दिसत नाही म्हणाल्या.

मी दुकानात परतलो. आता पेपर वाटायचे की नाही? मी वाटले. पण दुकानाबाहेर माझा काळा फळा असायचा, त्यावर मी रोज ठळक बातमी खडूने लिहायचो. त्या दिवशी लिहिलं, 'आजच्या अंकातील सौंसरची बातमी मी पाठवलेली नाही. वार्ताहर.' कोणाचं नाव घेतलं नाही. पेपर घेणाऱ्या प्रत्येकाला तोंडानेही सांगितलं.

आमच्या ओळखीचे एक म्हातारे शेतकरी होते, कापूस पिकवायचे, पेपर रोज ओळ न् ओळ वाचायचे. त्यांनी फळा वाचला, मग पेपर वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"पेपरात आलं हाये न जी."

"काका, पेपरात मीच लिहितो. हे मी नाही लिहिलं."

"तू नसन लिहिलं. पण पेपरात तं आलं न?"

त्यांनी पेपर घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि निघून गेले. मी इतकी वर्षं लोकांना पेपरवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं. तो विश्वास माझ्यावर नव्हता, कागदावर होता. हे मला त्या सकाळी कळलं.

दुपारी बाजारात गेलो. बाई मिरची-मसाल्याच्या ओळीच्या तोंडाशी उभ्या होत्या, जिथून सगळी गर्दी आत शिरते. ऊन चांगलं होतं. कोणाशी स्वतःहून बोलत नव्हत्या. कोणी नमस्कार केला की नमस्कार. कोणी विचारलं तर तब्येत विचारायच्या.

एक बाई डोक्यावरची टोपली सावरत थबकली. "अव बाई, तुम्ही तं बसल्या म्हणते!"

"मी कुठं बसली? पाह्यते न तू, उभी आहे."

बाजूच्या दोघी-तिघी हसल्या. हे वाक्य पुढे ओळीतून सरकत गेलेलं मी ऐकलं. भाजीवाल्यांकडे, बांगड्यावाल्यांकडे, बैलांच्या बाजाराकडे. "बाई उभ्या हायेत, जाऊन पाहून ये." लोक खरंच पाहायला येऊ लागले. सामान घेतलं, एक फेरा बाईंकडून मारला आणि घरी. एका दुकानदाराने स्टूल आणून ठेवलं. बाईंनी हात जोडले. तो समजला, स्टूल उचलून घेऊन गेला.

भाऊसाहेबांच्या माणसांनी तक्रार केली. पोलीस हवालदार आला. भोवती पाहिलं. भाषण नाही, घोषणा नाही, झेंडा नाही.

"बाई, इथं काय करून राहिल्या?"

"बाजाराला आली."

"काय घेतलं?"

"भाव पाहून राहिली अजून."

हवालदाराची दोन्ही पोरं बाईंच्या हातची होती. तो निघून गेला. तक्रार दुसऱ्या कोणाकडे गेली असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

मधेच तिवारी साहेबांची दवंडी आली. जीपवर भोंगा, आणि शुद्ध सरकारी हिंदी. 'सर्वसाधारण को सूचित किया जाता है कि अभ्यर्थिता वापस लेने की अवधि समाप्त हो चुकी है'. माझ्याजवळच्या माणसाने विचारलं, "काय समाप्त झालं म्हणते?" दुसरा म्हणाला, "निवडणूक असन." साहेबांनी शब्द पाळला होता. पण त्या दवंडीने किती लोकांना काय समजलं असेल, याची मला शंका आहे.

बाजार उठेपर्यंत बाई उभ्या होत्या. पाय सुजले होते. मधुकर म्हणाला, लोधीखेड्याला जाऊ, बोरगावला जाऊ. सायकलींवर पोरं पाठवली होती, पण ती बाईंच्याच प्रचारातली पोरं. त्यांच्या सांगण्याला लोक प्रचार समजत होते. बाई स्वतः एका गावाला जाऊन आल्या. बाकीची गावं राहिली.

मतदान शांततेत झालं. मी बूथ पाहत फिरलो. बोरगावकडच्या एका बूथबाहेर दोन बाया बोलत होत्या. एक म्हणाली, "नर्सबाईले द्याचं होतं, पण त्या तं बसल्या. वाया काहून घालवा?" मी वार्ताहर होतो. बूथजवळ कोणाला काही सांगायचा मला अधिकार नव्हता. मी पुढे गेलो. ते पुढे जाणं मला बरेच दिवस आठवत राहिलं.

मतमोजणीत पेट्या गावागणिक उघडत होत्या. बाजाराला आलेल्या गावांच्या पेट्यांतून शिडीवर शिक्के निघत होते. मधुकर प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहायचा. मग नागपूर रस्त्याकडच्या पेट्या आल्या. तिथे पेपर सगळ्यांत आधी पोचतो. तिथे शिडी जवळजवळ नव्हतीच. भाऊसाहेब निवडून आले. फरक मोठा नव्हता. बाई शेवटची पेटी संपेपर्यंत थांबल्या, भाऊसाहेबांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "वॉर्ड सुरू करा आता." भाऊसाहेब हो म्हणाले.

मी भाऊसाहेबांची मुलाखत घ्यायला गेलो. ते माझं कामच होतं. वही बंद केल्यावर विचारलं, "भाऊसाहेब, ती बातमी?"

ते रागावले नाहीत. "कोणती? पेपर तुमचा, वार्ताहर तुम्ही. मले काय विचारता?"

पांढुर्ण्यालाही जाऊन आलो. जिथून फोन झाला असावा त्या दुकानदाराला विचारलं. निवडणुकीत दिवसभर माणसं फोन करतात, कोणाकोणाचे चेहरे लक्षात ठेवायचे, असं तो म्हणाला. खरं बोलत होता की नाही, मला ठरवता आलं नाही. वकिलाने बाईंना सांगितलं, अशा खोट्या बातमीवर कोर्टात जाता येतं, पण ती कोणी दिली हे सिद्ध करावं लागेल. बाई गेल्या नाहीत.

मतदानाच्या दिवशीच्या अंकात खुलासा छापून आला होता. आतल्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली, चार ओळी. 'अनवधानाने प्रसिद्ध झालेल्या वृत्ताबद्दल दिलगीर आहोत'. कोणतं वृत्त, हे त्यात नव्हतं. मी संपादकांना विचारलं, तर ते म्हणाले, खोटी बातमी पुन्हा छापायची नसते. नियम बरोबर आहे. पण ज्याने मूळ बातमी वाचली त्याला खुलासा सापडला नाही, आणि ज्याला खुलासा सापडला त्याला काही समजलं नाही.

वॉर्ड पुढे सुरू झाला. भाऊसाहेबांच्या हस्ते. बातमी मीच दिली, बाईंच्या अर्जांचा उल्लेख करून. तो उल्लेख डेस्कवर जागेअभावी कापला गेला.

बरीच वर्षं गेल्यावर एका लग्नात बाई आणि मी शेजारी जेवत होतो. लोधीखेड्याकडची एक म्हातारी आली, बाईंचा हात धरून म्हणाली, "बाई, तुम्ही त्या वेळी बसल्या नसत्या न, तर निवडून आल्या असत्या. आमचं सगळं घर तुमचंच होतं."

मी सांगायला तोंड उघडलं. बाईंनी मला डोळ्यांनी थांबवलं आणि तिला विचारलं, "गुडघे कसे आहेत?"

आता नवीन पोरं वार्ताहर होतात आणि मला काही सांगा म्हणतात. मी सांगतो, फोनवर बातमी आली की लिहून घ्या, फोन ठेवा, आणि ज्याचं नाव सांगितलं त्याला, तुमच्या वहीतल्या त्याच्या नंबरवर, उलटा फोन लावा. डाक सुटत असली तर सुटू द्या. पोरांना वाटतं, म्हातारा काहीतरी मोठं सांगेल. माझ्याजवळ एवढंच आहे.